सीझरच्या टाक्यांवर रुजलेला गर्भ – माझा अनुभव, तुमचेही लिहा

चैत्रपालवी (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी लिहायला घेतलं, कारण मला हे झालं तेव्हा रात्री २ वाजता मोबाईलवर मराठीत शोधत बसले होते आणि नळीतल्या गर्भाबद्दल भरपूर सापडत होतं, पण माझं नळीत नव्हतंच. माझा गर्भ मागच्या सीझरच्या टाक्यांच्या जागी रुजला होता. डॉक्टर स्कार प्रेग्नन्सी म्हणतात. एक्टोपिकचाच (गर्भ नेहमीची जागा सोडून रुजतो त्याचा) प्रकार, पण दुर्मिळ.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ती सीझरने झाली. या वेळी पाळी चुकली, घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली, आम्ही दोघं खूश. पाचवा आठवडा संपता संपता थोडं थोडं तपकिरी अंगावरून जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला वाटायचं एक्टोपिक म्हणजे असह्य कळ येणारच, आणि माझ्या पोटात साधी मुरड पण नव्हती. सोनोग्राफी केली, पोटावरून. तिथे सांगितलं सॅक (गर्भ असतो ती छोटी पिशवी) फार खाली सरकलीय, ठोके दिसत नाहीत, गर्भ पडायच्या मार्गावर आहे, परवा सकाळी उपाशीपोटी या, क्युरेटिंग करून टाकू, म्हणजे आतून खरवडून काढू. घरी येऊन रडले आणि परवाची तयारी केली.

पुढे जे बरं झालं ते आईमुळे. फोनवर तिने विचारलं, "अगं पण तुझं पहिलं सीझर आहे हे त्यांना बोललीस का?" फॉर्मवर लिहिलं होतं, तोंडाने कुणी विचारलं नव्हतं, मी पण बोलले नव्हते. तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी माझं सीझर केलेल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी खालून सोनोग्राफी केली, टीव्हीएस म्हणतात ती. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. ही गर्भपिशवीची पोकळी, रिकामी. हे पिशवीचं तोंड, तेही रिकामं. आणि सॅक पुढच्या बाजूला, बरोबर टाक्यांच्या खाचेत. आणि ठोके होते. ६ आठवडे २ दिवस. सॅक आणि लघवीची पिशवी यांच्यामध्ये फक्त २ मिलिमीटरचा थर उरला होता. बीटा, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन, २४ हजारांच्या वर.

क्युरेटिंग परवाच्या ऐवजी त्याच दिवशी ठेवलं असतं तर काय झालं असतं हा विचार अजून येतो आणि हात गार पडतात.

मला दाखल करून घेतलं, सोनोग्राफीत बघत बघत खालून सुई थेट सॅकमध्ये घातली, आधी ठोके थांबवायचं औषध आणि मग तिथेच मेथोट्रेक्सेट, गर्भाची वाढ थांबवणारं औषध. दोन दिवसांनी मेथोट्रेक्सेटचंच एक इंजेक्शन दंडात. नंतर दर आठवड्याला बीटा. पहिल्या तपासणीत बीटा कमी व्हायच्या ऐवजी २७ हजार झाला, तेव्हा माझा धीरच सुटला होता, पण असं सुरुवातीला होतं म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग उतरत गेला.

अजून बरंच आहे, विचाराल तसं सांगते. एकच गोष्ट आत्ता लिहिते. ज्यांचं आधी सीझर झालंय आणि पुन्हा दिवस गेलेत त्यांनी पहिल्याच सोनोग्राफीत विचारा, सॅक टाक्यांपासून किती लांब आहे.

मोगरी

वाचून काटा आला गं. तू आता कशी आहेस? बीटा कितीवर आलाय?

आणि एक विचारू का, हे टाके नीट न घातल्यामुळे होतं का? माझी दोन सीझर झालीत म्हणून विचारतेय, चुकीचं वाटलं तर सोडून दे.

चैत्रपालवी

@मोगरी, चुकीचं काही नाही, मी पण पहिला हाच प्रश्न विचारला होता. बाई म्हणाल्या व्रण भरताना काहींच्या पिशवीत त्या जागी खाच राहते, ते आधी कुणाला सांगता येत नाही, आणि खाच असलेल्या बहुतेक बायकांना पुढे काहीच त्रास होत नाही. आज इंजेक्शनला ९ आठवडे झालेत, परवाचा बीटा ६२ होता. अंगावरून मधूनमधून जातं, एकदा मोठी गाठ पडली तेव्हा घाबरून रात्री दवाखान्यात गेलो होतो, पण तपासून घरी पाठवलं. सोनोग्राफीत तिथे अजून लिंबाएवढा गोळा दिसतो. तो विरघळायला महिने लागतील म्हणालेत.

कंदील

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे नावानिशी लिहीत नाही. धागा वाचून राहवलं नाही. चैत्रपालवी, तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर आहे आणि शेवटचं वाक्य तर मी माझ्या खोलीत लावेन. थोडी भर घालतो, लांबेल.

एकूण गर्भधारणांपैकी साधारण १ ते २ टक्के पिशवीच्या पोकळीबाहेर रुजतात आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नळीत. उरलेल्यांमध्ये हे सगळे दुर्मिळ प्रकार येतात. टाक्यांवरचा, नळी पिशवीच्या भिंतीतून जाते त्या भागातला, पिशवीच्या तोंडातला, अंडाशयावरचा, पोटातला. स्कार प्रेग्नन्सी ढोबळमानाने २ हजार गर्भधारणांमागे एक असं प्रमाण सांगतात. वैद्यकीय साहित्यात पहिली नोंद १९७८ सालची आहे, म्हणजे आजार म्हणून तसा तरुणच. जगात सीझर वाढली, आता दर पाच बाळंतपणांमागे एकाहून जास्त सीझरने होतं, आणि खालून करायच्या सोनोग्राफीची मशीन सुधारली, त्यामुळे आता जास्त दिसायला लागलंय. मोगरी, हे एका सीझरनंतरही होतं आणि तीनांनंतरही.

होतं काय, तर टाक्यांच्या जागी खाच असते, तिथे आतलं नेहमीचं अस्तर नसतं किंवा विरळ असतं. गर्भ तिथे चिकटला की त्याची मुळं अस्तरात न थांबता सरळ व्रणात आणि स्नायूत शिरतात. पुढे वार पिशवीत खोल रुतते, अ‍ॅक्रिटा म्हणतात ते, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच असते.

क्युरेटिंग का धोक्याचं, हे नीट सांगायला हवं. एरवी गर्भ काढल्यावर रक्त थांबतं ते पिशवीचा स्नायू आवळला जातो म्हणून, त्या आवळण्यात रक्तवाहिन्या दाबल्या जातात. व्रणाच्या जागी स्नायूच पुरेसा नाही, मग आवळणार कोण? वाहिन्या उघड्याच राहतात. वरून पलीकडे २ मिलिमीटरवर लघवीची पिशवी. तिथे न बघता खरवडलं की रक्तस्राव असा होतो की जीव वाचवायला कधीकधी गर्भपिशवीच काढावी लागते. घरी गोळ्या घेऊन गर्भपात करायलाही मी म्हणूनच हात जोडून नको म्हणतो, आधी सीझर असेल तर गर्भ कुठे आहे हे बघितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.

आता निदान. बीटावरून हे कळत नाही. नळीतल्या गर्भात बीटा बहुतेकदा रखडतो, ४८ तासांत वाढायला हवा तेवढा वाढत नाही, त्यावरून शंका येते. टाक्यांवरच्या गर्भाला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे बीटा अगदी व्यवस्थित वाढू शकतो आणि सगळे निर्धास्त राहतात. म्हणून सगळी भिस्त सोनोग्राफीवर, तीही खालून केलेल्या, आणि लवकर. साधारण ६ ते ७ आठवडे ही चांगली वेळ. त्यानंतर सॅक मोठी होत वर पोकळीकडे सरकते, मग ती साध्या गरोदरपणासारखी दिसायला लागते आणि निदान निसटतं.

बघताना आम्ही पोकळी आणि तोंड रिकामं आहे ना ते बघतो, सॅक पुढच्या भिंतीत खाली खाचेत आहे का, तिचा आकार खाचेसारखा तिकोनी झालाय का, लघवीच्या पिशवीकडचा स्नायू किती उरलाय, आणि रंगीत डॉपलरवर सॅकभोवती रक्तप्रवाहाचं कडं दिसतंय का. एक सोपी खूण पण आहे. पिशवीची लांबी मनात अर्धी करायची, ५ ते १० आठवड्यांत सॅकचा मध्य वरच्या अर्ध्यात असायला हवा. मध्य खालच्या अर्ध्यात आणि आधी सीझर झालेलं, की टाक्यांवर आहे असं धरूनच पुढे बघायचं.

चैत्रपालवींच्या बाबतीत जी गफलत झाली ती नेहमीची आहे. पडत असलेली सॅक पण खालीच दिसते. फरक असा, की पडत असलेली सॅक सुटलेली असते, प्रोबने हलकंच दाबलं की जागेवरून घसरते, तिच्याभोवती रक्तप्रवाह नसतो, आणि तिच्यात ठोके तर नसतातच. रुजलेली सॅक जागची हलत नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत यातलं काहीच धड कळत नाही.

मोगरी

डॉक्टर, खूप खूप धन्यवाद. दोन वेळा वाचलं. "मग आवळणार कोण" हे वाचून पहिल्यांदा नीट समजलं मला.

दवबिंदू

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. मलाही हेच झालं होतं पण मी गर्भ ठेवला.

आठव्या आठवड्यात कळलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ठोके असलेला असा गर्भ वाढू द्यावा असा सल्ला आम्ही देत नाही, पिशवी फाटू शकते, वार रुतू शकते, पिशवी काढावी लागेल याची तयारी ठेवा. आम्हाला आठ वर्षांत दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आम्ही ठेवायचं ठरवलं. सॅक पोकळीकडे वाढत होती, लघवीच्या पिशवीकडे नाही, एवढाच काय तो दिलासा.

२० व्या आठवड्यापासून वार रुतल्याचं सोनोग्राफीत दिसायला लागलं, नंतर एमआरआय केला. २८ व्या आठवड्यापासून दवाखान्यातच. ठरवून ३४ व्या आठवड्यात सीझर, बाळ काढलं आणि वार जागेवरच ठेवून अख्खी गर्भपिशवी काढली. लघवीच्या पिशवीलाही टाके पडले, तीन आठवडे नळी होती. मला ११ बाटल्या रक्त चढवलं. मुलगा आता दोन वर्षांचा आहे, धडधाकट आहे, आत्ता माझ्या मांडीवर आहे.

पण कुणी माझ्याकडे बघून हा निर्णय घेऊ नका. माझ्याकडे मोठं हॉस्पिटल होतं, रक्तपेढी होती, तीन वेगवेगळ्या विषयांचे सर्जन त्या दिवशी टेबलाशी उभे होते. माझ्या नवऱ्याने बाहेर बसून जे सहा तास काढले त्याबद्दल तो अजून बोलत नाही.

निमूट

दवबिंदूताईंचं वाचून वाटतं की थोडी श्रद्धा ठेवली असती तर चैत्रपालवींचं बाळ पण वाचलं असतं. ठोके होते ना. ठोके असलेलं बाळ इंजेक्शन देऊन थांबवायचं मनाला पटत नाही. कुणाला दुखवायचं नाहीये, पण वाटलं ते लिहिलं.

चैत्रपालवी

@निमूट, दुखलं. तरी उत्तर देते कारण हे माझ्या घरातल्याही दोघांनी विचारलंय आणि मी तेव्हा उत्तर देऊ शकले नव्हते.

मी ते ठोके बघितलेत. स्क्रीनवर लुकलुकत होते. मला कुणीही घाई केली नाही, बाई म्हणाल्या आजची रात्र विचार कर, पण रात्र दवाखान्यात काढ, घरी नको. मी रात्रभर विचार केला. माझी सॅक बाहेरच्या बाजूला, लघवीच्या पिशवीकडे फुगत होती. त्यात वाढायला जागाच नव्हती, पिशवी फाटली असती ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, म्हणजे बाळ जगण्याच्या खूप आधी. बाळ आणि मी यातून एकाला निवडलं असं झालंच नाही. बाळ राहणारच नव्हतं, मी राहणार की नाही एवढंच हातात होतं. आणि घरी एक मुलगी आहे, तिची वेणी रोज मी घालते.

दवबिंदू

@निमूट, कृपया माझं उदाहरण असं वापरू नका. मी श्रद्धेमुळे नाही वाचले, रक्तामुळे वाचले. चैत्रपालवी, तू केलंस ते बरोबर केलंस गं. माझी सॅक तुझ्यासारखी असती तर मीही हेच केलं असतं.

कंदील

दोघींच्या सॅकमधला फरक खरंच महत्त्वाचा आहे. काही सॅक व्रणावर बसून आत पोकळीकडे वाढतात, काही व्रणात घुसून बाहेरच्या बाजूला. पहिल्या प्रकारात बाळ जगण्याइतके महिने निघू शकतात पण वार रुतण्याचा धोका मोठा. दुसऱ्या प्रकारात लवकर फुटण्याचीच भीती. लघवीच्या पिशवीकडचा थर जितका पातळ तितका धोका जास्त. कुणी सगळं समजून उमजून पहिल्या प्रकारात पुढे जायचं ठरवलंच तर दवबिंदूंसारखं, पूर्ण तयारी असलेल्या ठिकाणी, आणि ३४ ते ३५ आठवड्यांच्या आसपास ठरवून सीझर.

@निमूट, तुमचा प्रश्न मनापासून आहे हे कळतं. पण या बायकांनी तो स्वतःला आधीच शंभरदा विचारलेला असतो.

निमूट

चैत्रपालवीताई, माफी मागतो. मला सगळं एकच वाटलं होतं. प्रतिसाद काढून टाकू का?

चैत्रपालवी

राहू दे. उत्तरासकट राहू दे.

रानजाई

माझं सीझरचं नाही पण दुर्मिळ प्रकारातलंच आहे म्हणून लिहिते. आयव्हीएफमध्ये दोन गर्भ सोडले होते. बीटा मस्त वाढला, ६ आठवड्यांच्या सोनोग्राफीत पिशवीत एक सॅक, ठोके, सगळे खूश. दुसरा रुजला नाही असं सगळ्यांनी धरलं. सातव्या आठवड्यात पहाटे उजव्या बाजूला कळ आली आणि खांदा दुखायला लागला, खांदा का दुखतोय तेच कळेना, बाथरूममध्ये उठताना चक्कर येऊन पडले. दुसरा गर्भ उजव्या नळीत होता आणि नळी फुटली होती. एक पिशवीत आणि एक बाहेर, याला हेटरोटॉपिक म्हणतात. निसर्गतः दिवस गेले तर ३० हजारांत एक म्हणतात, पण आयव्हीएफमध्ये प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं.

दुर्बिणीतून नळी काढली. पिशवीतल्या बाळामुळे मेथोट्रेक्सेट देताच येत नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन हाच मार्ग होता. बाळ राहिलं, नवव्या महिन्यात मुलगी झाली. पण पिशवीत सॅक दिसली की सोनोग्राफी संपवू नका, दोन्ही बाजूच्या नळ्या पण बघा, हे मी आता भेटेल त्या आयव्हीएफवाल्या मैत्रिणीला सांगते.

कंदील

खांदादुखीचं सांगितलंत ते फार बरं केलंत. पोटात रक्त साठलं की ते श्वासपटलाला लागतं आणि त्याची कळ खांद्याच्या टोकाशी जाणवते. लवकरच्या गरोदरपणात खांदा दुखणं, चक्कर, गुदाशयावर दाब आल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

गोधडी

माझ्या जावेचं नळी पिशवीला मिळते त्या कोपऱ्यात होतं, इंटरस्टिशियल. सुरुवातीच्या सोनोग्राफीत "पिशवीच्या आतच आहे, जरा बाजूला आहे" म्हणाले आणि आम्ही पण बाजूला आहे तर असू दे म्हणून सोडून दिलं. अकराव्या आठवड्यात फुटलं. आम्हाला वाटायचं नळीतलं आहे तर सात-आठ आठवड्यांत काय ते कळतं, इतके दिवस गेले म्हणजे सुटलो. डॉक्टर, हे इतक्या उशिरा कसं?

कंदील

कारण त्या भागात नळीभोवती पिशवीचा स्नायू असतो, तो ताणला जातो, म्हणून गर्भाला वाढायला थोडी जास्त जागा मिळते. पण त्याच भागात मोठ्या रक्तवाहिन्या येऊन मिळतात, त्यामुळे फुटलं की रक्तस्राव भयंकर. एक्टोपिकपैकी २ ते ४ टक्के असतात हे, पण जीव जाण्याचं प्रमाण बाकीच्या नळीतल्या गर्भांपेक्षा बरंच जास्त. सोनोग्राफीत सॅक पोकळीपासून वेगळी, बाजूला, आणि तिच्याभोवती स्नायूचा थर ५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसला की सावध व्हायचं. "जरा बाजूला आहे" हे शब्द ऐकले की थ्रीडी सोनोग्राफी किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायलाच हवं. जाऊबाई बऱ्या आहेत ना आता?

गोधडी

हो, आता बरी आहे. तो कोपरा काढून टाके घातलेत. पुढच्या वेळी कळा सुरू व्हायच्या आधीच सीझर करावं लागेल असं सांगितलंय.

उंबरठा

नमस्कार. मी इथे नवीन आहे, बायकोसाठी लिहितोय. तिचं पण टाक्यांवरच आहे, ६ आठवडे, ठोके नाहीत, बीटा ३८००. उद्या सॅकमध्ये इंजेक्शन देणार आहेत. आम्हाला एका ठिकाणी फक्त दंडातलं इंजेक्शन पुरेल म्हणाले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही पुरणार म्हणाले, दोघांचं ऐकून डोकं बधिर झालंय. नंतर काय काळजी घ्यायची तेही सांगा प्लीज. मुलगा १० महिन्यांचा आहे, तिचं दूध पितो.

कंदील

उंबरठा, पहिलं म्हणजे दुधाचं आजच डॉक्टरांना सांगा. मेथोट्रेक्सेट आणि अंगावरचं दूध एकत्र चालत नाही. दूध कधी थांबवायचं, परत सुरू करता येईल का, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या, उद्यावर ठेवू नका.

दंडातल्या एकट्या इंजेक्शनवर टाक्यांवरच्या गर्भात भरवसा ठेवू नये असंच आताचं मत आहे. व्रणाच्या जागी औषध नीट पोचत नाही, पुष्कळ जणींना नंतर दुसरा उपचार करावाच लागतो. सॅकमध्ये थेट औषध, किंवा सोनोग्राफीत बघत सक्शनने काढणं, किंवा दुर्बिणीतून तो भाग कापून खाच परत शिवणं, हे जास्त खात्रीचे. सक्शननंतर रक्त थांबवायला काही ठिकाणी फुगा ठेवतात, तो त्या जागी आतून दाब देतो. फार रक्तस्राव होईल असं वाटलं तर पिशवीच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या बंद करण्याची सोय असलेलं ठिकाण हवं. कुठला मार्ग हे आठवडे, थराची जाडी आणि डॉक्टरांचा हात कशावर बसलाय त्यावर ठरतं. नुसतं क्युरेटिंग मात्र नाही.

इंजेक्शनच्या आधी हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनीच्या तपासण्या होतील. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी डी इंजेक्शनचं विचारा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असेल तर बंद, कारण मेथोट्रेक्सेट फॉलिक अ‍ॅसिडच्याच विरुद्ध काम करतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत. दारू नको, कडक उन्हात फिरणं नको, डॉक्टर सांगेपर्यंत संबंध नकोत. पुन्हा दिवस जाणार नाहीत याची काळजी किमान तीन महिने, टाक्यांवरच्या गर्भानंतर तर बरेच जण एक-दोन वर्षं थांबायला सांगतात, व्रण भरायला वेळ मिळावा म्हणून.

आणि तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले तर फोन करत बसू नका, तिला घेऊन निघा.

उंबरठा

फॉलिक अ‍ॅसिड चालू होतं. आजही सकाळी दिलंय मीच. आता बंद करतो. दुधाचं लगेच विचारतो. खूप आभार डॉक्टर.

चैत्रपालवी

उंबरठा, दवाखान्याची बॅग भरून दाराशी ठेवा, आणि तिचा रक्तगट आणि सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये. आम्ही रात्री गेलो तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी सरळ साधं मिसकॅरेज धरलं होतं. मी फाईलवर मोठ्या अक्षरात मार्करने लिहिलं होतं, "सीझरच्या टाक्यांवरचा गर्भ, क्युरेटिंग करू नये." त्यांनी ते वाचलं आणि आधी माझ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. तिच्याही फाईलवर लिहा.

आणि तिला एकटीला बसू देऊ नका. घरी आल्यावर सगळे म्हणायचे, बरं झालं वेळेवर कळलं. बरं झालंच, पण मी दोन महिन्यांची आई होते हे कुणी बोलत नव्हतं. माझ्या नवऱ्याने एका रात्री नुसतं विचारलं, तुला नाव सुचलं होतं का. तेवढ्याने खूप मोकळं झाले मी.

उंबरठा

सॅकमधलं इंजेक्शन झालं काल. ठीक आहे ती. फाईलवर लिहिलंय. मुलाला बाटलीची सवय नाहीये, रात्रभर रडला, ती पण रडली, मी पण. बीटा पुढच्या आठवड्यात.

चैत्रपालवी

धागा वर काढतेय. १२ आठवडे झाले, आज बीटा ५ च्या खाली आला. लॅबमधल्या मुलीने कागद हातात दिला आणि मी तिथेच जिन्यावर बसले.

गोळा अजून दिसतो पण निम्मा झालाय, डॉपलरवर त्यात रक्तप्रवाह नाही. पाळी आली की पिशवीत पाणी सोडून सोनोग्राफी करणार, खाच किती खोल आहे ते बघायला. पुढच्या बाळाचं काही ठरवलं नाही. हे परत होऊ शकतं हे त्यांनी सांगितलंय, आणि कधी दिवस गेलेच तर सहाव्या आठवड्याच्या आत खालून सोनोग्राफी, हेही.

दवबिंदू

पाच!!! किती वाट बघत होते मी या आकड्याची. आज नीट जेव आणि झोप.

उंबरठा

अभिनंदन ताई. आमचा ९१० वर आलाय. मुलगा आता बाटली घेतो.

केतकीवन

मी कधीपासून नुसती वाचत होते, आज लिहितेय. पहिलं सीझर, आत्ता ५ आठवडे ३ दिवस. आज पहिली सोनोग्राफी होती. मी धीर करून विचारलं, सॅक टाक्यांपासून किती लांब आहे. डॉक्टर थांबल्या, म्हणाल्या हे कुणी विचारत नाही, आणि प्रोब परत फिरवून नीट बघितलं. सॅक अगदी छोटी आहे, मध्यावर आहे, ना वर ना खाली. आत्ताच ठाम सांगत नाही म्हणाल्या. रिपोर्टवर आधीचं सीझर आणि सॅकची जागा लिहून घेतली. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. दुखत नाही, अंगावरून पण जात नाही.

चैत्रपालवी

केतकीवन, मंगळवारपर्यंत काहीही अंगावरून गेलं किंवा दुखलं तर मंगळवारची वाट बघू नकोस. आणि मंगळवारी बाहेर पडलीस की आधी इथे लिही, मी दुपारपासून बघत राहीन.